सल्ला देणाऱ्याचा स्वार्थ

माझ्या भाचीला अर्थशास्त्राच्या पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात आणि १९९३ पासून अभिमत विद्यापीठ असलेल्या पुण्याच्या गोखले संस्थेत. सांगलीहून तिचा फोन आला, “मामा, तुम्ही दिल्लीत राहता. तुम्हीच सांगा.” मी तत्काळ ‘दिल्ली’ असे उत्तर दिले. फोन ठेवल्यावर मात्र या तत्परतेचाच मला संशय येऊ लागला.

कारणे तयार होती. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ मध्ये उभारलेले ‘दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ इथलेच. अमर्त्य सेन तेथे १९६३ ते १९७१ शिकवीत होते. परंतु तेथील अर्थशास्त्राचे अध्यापन पदव्युत्तर. भाचीची वर्षे महाविद्यालयाच्या वर्गात जायची. पुण्याचेही तसेच. संस्था १९३० सालची, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. पण कीर्ती संशोधनाची, पदवीचा वर्ग अलीकडचा. म्हणजे ज्या नावांना आपण भुलतो, ती तिच्या बाकापर्यंत कितपत पोहोचणार? गाडगीळ आयुष्यभर पुण्यात राबले आणि १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होऊन दिल्लीस आले. हा दाखला कोणत्याही बाजूने देता येतो. दाखले वकिलासारखेच, बोलावील त्याच्या बाजूने उभे राहतात.

खरे कारण निराळे होते. रविवारी संध्याकाळी सरकारी क्वार्टरात जी शांतता पसरते, ती परप्रांतात नोकरी करणाऱ्या वाचकांना सांगावयास नको. घरचे कोणी तरी जेवायला यावे, मराठीत भांडावे, एवढीच माझी ओढ. शिवाय तिच्या वयात मला दूर जाण्याचे धैर्य झाले नव्हते. ती उणीव मी तिच्याकरवी भरून काढू पाहत होतो. अर्थशास्त्रात सोडून दिलेल्या पर्यायाला ‘संधी खर्च’ म्हणतात. निवडणारा तो स्वतः सोसतो, हे त्यात गृहीत असते. येथे निवडणार मी आणि सोसणार ती!

मग ‘तुझे तूच ठरव’ म्हणून मोकळे व्हावे काय? ही तर निव्वळ पळवाट. अठरा वर्षांच्या मुलीला आपल्याला ठाऊक असलेलेही न सांगणे म्हणजे तटस्थता नव्हे. निःस्वार्थ सल्ला मला देता येईलसे वाटत नाही. स्वार्थ उघड करून मात्र देता येईल.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून सगळे सांगितले, माझे एकटेपणही. ते बोलताना जीभ जड झाली. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पण मामा, पहिल्या वर्षाला दोन्हीकडे शिकवतं कोण?”

मला ते ठाऊक नव्हते. पुण्याची चौकशी तिचे वडील करणार आहेत. शनिवारी कचेरीला सुटी आहे. मी त्या महाविद्यालयात जाऊन येणार आहे.