सित, लोहित, पीत, असित

2016 सालच्या डिसेंबर महिन्यात, नाताळच्या खरेदीचा मोसम ऐन भरात असताना, मॅक या प्रसाधन-कंपनीने मराया कॅरी या अमेरिकन गायिकेच्या सहयोगाने आणि तिच्याच नावाने लिपस्टिक, पापण्यांचे रंग आणि तत्सम प्रसाधनांची एक मालिका बाजारात आणली. एरव्ही ही वार्ता वृत्तपत्राच्या एका कोपऱ्यात मावण्याजोगी होती; परंतु जिच्या नावाने हा व्यवहार झाला त्या स्त्रीचा पिता आफ्रिकन-अमेरिकन व व्हेनेझुएलन वंशाचा आणि माता आयरिश वंशाची, आणि ज्या कंपनीने तो केला तिने सर्व वयांसाठी, सर्व वंशांसाठी, सर्व लिंगांसाठी हे आपले ब्रीद म्हणून मिरविलेले, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे ओठांच्या आणि गालांच्या रंगाच्या मागे उभा असलेला एक फार जुना प्रश्न दिसू लागतो. माणसाचे दिसणे आणि माणसाचे असणे यांचा परस्परांशी काय संबंध आहे, आणि जिच्या ठायी दोन कुळांचे वर्ण एकत्र आले तिला ‘तू नेमकी कोण?’ असे विचारण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हा तो प्रश्न होय.

मराया कॅरीचे आत्मकथन 2020 साली प्रसिद्ध झाले. त्यात तिने बालवाडीतील एक प्रसंग सांगितला आहे. मुलांना आपापल्या कुटुंबाचे चित्र काढावयास सांगितले होते; ही मुलगी पित्याची आकृती तपकिरी खडूने रंगवू लागली, तेव्हा शिक्षिका हसू लागल्या आणि तू चुकीचा खडू घेतलास असे तिला बजावू लागल्या. त्यांनी तिच्या गोऱ्या मातेला पाहिले होते, पित्याला पाहिले नव्हते. आपल्या नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर मुलीपाशी प्रत्यक्ष होते आणि शिक्षिकांपाशी अनुमान होते: मूल उजळ आहे, आई गोरी आहे, तस्मात् बापही गोरा असला पाहिजे. प्रत्यक्षाने खोडून काढलेले अनुमान ‘बाधित’ होय, आणि अग्नी हा द्रव्य असल्यामुळे शीतल असला पाहिजे या त्याच्या परंपरागत उदाहरणातील हेतू हा हेतूच नव्हे, असे न्यायशास्त्राचा आरंभ करणारा विद्यार्थीही जाणतो. त्या वर्गात मात्र बाधित अनुमानाचाच जय झाला, कारण ते वडीलधाऱ्यांच्या मुखातून निघाले होते, आणि ज्या चार-पाच वर्षांच्या जीवाने आपल्या पित्याला रोज डोळ्यांनी पाहिले होते त्याला आपल्या डोळ्यांविषयीच शंका घ्यावी लागली. मिश्र वंशाच्या माणसाचे दुःख म्हणून जे सांगितले जाते, त्याचा गाभा मला येथे दिसतो. त्याचा रंग कमी-अधिक आहे हे त्याचे दुःख नव्हे. स्वतःच्या जीवनाविषयीची त्याची साक्षच अग्राह्य धरली जाते, हे ते दुःख आहे.

खडूंचाही स्वतंत्र इतिहास आहे. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या मेणखडूंच्या पेटीत फिकट गुलाबीसर रंगाच्या एका खडूचे नावच ‘मांसवर्ण’ अशा अर्थाचे होते. 1962 साली ते पालटून त्याला पीच या फळाचे नाव देण्यात आले. तोवर पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांनी मानवी देहाचा रंग म्हणजे हा एकच, हे ज्ञान कोणी न शिकविता त्या पेटीतूनच मिळविले असले पाहिजे. पुढे 2020 साली त्याच कंपनीने जगातील त्वचावर्णांच्या चोवीस छटांची एक पेटी काढली, आणि त्या छटा सिद्ध करण्याच्या कामी तिने व्हिक्टर कझाल यांचे साहाय्य घेतले, जे पूर्वी मॅक कंपनीतच प्रसाधनांचे रसायन सांभाळीत असत. ज्या विद्येने स्त्रियांच्या मुखासाठी छटा घडविल्या तीच विद्या मुलांच्या खडूंपर्यंत येऊन पोहोचली, या गोष्टीचे मला मनापासून समाधान वाटते.

ही विद्या मुळात काय आहे, ते पाहणे उद्बोधक आहे. चेहऱ्याला लावावयाच्या फाउंडेशनमध्ये जे रंगद्रव्य असते ते बहुधा चारच पदार्थांचे असते: टायटॅनियम डायऑक्साइडचा शुभ्र, आणि लोहाच्या तीन ऑक्साइडांचे तांबडा, पिवळा व काळा. रिहाना या बार्बाडोसच्या गायिकेने 2017 साली फेंटी ब्यूटी या नावाने एकदम चाळीस छटा बाजारात मांडल्या, तेव्हा सर्वांत फिकट छटेपासून सर्वांत गडद छटेपर्यंत सारा भेद या मोजक्या द्रव्यांच्या प्रमाणाचा होता. अत्यंत गोऱ्या मुखासाठी केलेल्या छटेतही थोडा पिवळा आणि थोडा तांबडा घालावा लागतो, आणि काळ्याचा अल्पसा अंशही नसेल तर ती त्वचेसारखी न दिसता खडूसारखी दिसण्याचा संभव असतो. निर्भेळ छटा म्हणून या शास्त्राला ठाऊकच नाही. जिला आपण एक छटा म्हणतो ती प्रत्येक संकरच आहे.

महाभारताच्या शांतिपर्वातील भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद ज्याने वाचला असेल त्याला येथे थबकल्यावाचून राहवणार नाही. भृगू सांगतात की ब्राह्मणांचा वर्ण श्वेत, क्षत्रियांचा लोहित, वैश्यांचा पीत आणि शूद्रांचा असित. म्हणजे प्रसाधनशाळेतले तेच चार रंग. त्यावर भरद्वाज जो आक्षेप घेतात त्याच्या तोडीचा निर्भय आक्षेप आपल्या वाङ्मयात फार थोडा आढळेल: रंगावरूनच जर वर्ण ठरावयाचा, तर सर्वच वर्णांमध्ये संकर झालेला दिसतो, काम, क्रोध, भय, शोक, क्षुधा आणि श्रम आपणा सर्वांनाच व्यापतात, घाम, कफ, पित्त आणि रक्त सर्वांच्याच देहांतून वाहते, मग भेद उरला कोठे? भृगूंना तेथे मान्य करावे लागते की मुळात भेद नाहीच. कर्माच्या वाटेने ते तो पुन्हा आत घेतात हे खरे, आणि त्या वाटेने पुढे काय काय आले हे आपला इतिहास जाणतो. परंतु भरद्वाजांचा प्रश्न त्यामुळे मागे पडत नाही. वनपर्वात नहुषाला उत्तर देताना युधिष्ठिरही हेच सांगतो की मनुष्यांत संकर इतका सार्वत्रिक आहे की जातीची परीक्षा करणेच दुर्घट होय, म्हणून शीलच प्रधान मानावे. ज्या ग्रंथाचा कर्ता म्हणून आपण व्यासांना वंदितो, ते स्वतः पराशर ऋषी आणि कोळ्यांच्या घरी वाढलेली सत्यवती यांचे पुत्र होते.

अमेरिकेच्या कायद्याने या दुर्घट परीक्षेचा हट्ट धरला. 1890 सालच्या खानेसुमारीत मिश्र रक्ताच्या माणसांची अर्धांश, चतुर्थांश, अष्टमांश अशी वर्गवारी झाली. 1930 साली मिश्र रक्ताचा उरलेला रकानाही मोडून, आफ्रिकी रक्ताचा अंश कितीही अल्प असला तरी त्या माणसाला ‘नीग्रो’ म्हणूनच नोंदवावे, असा हुकूम गणकांना देण्यात आला. व्हर्जिनिया राज्याने 1924 साली केलेल्या कायद्याचाही आशय हाच होता, आणि गोऱ्यांनी इतर वंशांशी विवाह करणे त्याने निषिद्ध केले होते. त्या राज्यातील रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या भिन्नवंशीय दांपत्याने 1958 साली वॉशिंग्टन येथे विवाह केला, म्हणून 1959 साली त्यांना एक वर्षाची कैद फर्मावण्यात आली, आणि पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर ती तहकूब करण्यात आली. ईश्वराने निरनिराळे वंश निरनिराळ्या खंडांवर ठेविले त्या अर्थी त्यांचे मिश्रण व्हावे अशी त्याची इच्छाच नव्हती, असे या खटल्यातील न्यायाधीशाने पुढे आपल्या निवाड्यात लिहिले. ईश्वराच्या नावावर लिहिलेल्या या वाक्याने मला त्या शिक्षेपेक्षाही अधिक व्यथित केले आहे, कारण शिक्षा रद्द करता येते, पण ईश्वराच्या मुखी घातलेला शब्द श्रद्धाळूंच्या अंतःकरणात पिढ्यान् पिढ्या राहतो. 12 जून 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. त्या दिवशी असे कायदे सोळा राज्यांत जिवंत होते. मराया कॅरीच्या आईबापांचा संसार झाला त्या न्यूयॉर्क राज्यात असा कायदा नव्हता. तरीही कृष्णवर्णी पुरुषाशी लग्न केले म्हणून तिच्या मातेला माहेर अंतरले.

कायद्याचे हे काम चित्रपटसृष्टीत प्रसाधनाकडून करून घेतले गेले. 1933 सालच्या ‘द एम्परर जोन्स’ या चित्रपटात फ्रेडी वॉशिंग्टन ही मिश्र वंशाची उजळ नटी पॉल रोबसनच्या सोबत होती. प्रेक्षकांना ती गोरी भासू नये म्हणून तिच्या मुखावर गडद रंग चढविण्यात आला. लीना हॉर्न या गायिका-अभिनेत्रीने सांगून ठेविले आहे की तिच्यासाठी मॅक्स फॅक्टरकडून एक खास छटा तयार करविण्यात आली, आणि मग तीच छटा गोऱ्या नट्यांना लावून त्यांच्याकडून मिश्रवर्णी स्त्रियांच्या भूमिका करविण्यात आल्या. 1951 सालच्या ‘शो बोट’मध्ये जी भूमिका लीनाला मनापासून हवी होती, ती एव्हा गार्डनर या गोऱ्या नटीकडे गेली. लीनाचा रंग पडद्याला हवा होता, लीना नको होती. याहून निर्दय चोरी मला ठाऊक नाही.

अशा कथा ऐकून आपल्याकडील सज्जन माणूस सहज म्हणतो की हा सारा देहाचा पसारा आहे, आत्म्याला वर्ण नाही. हे वचन सत्य आहे, आणि मी त्यावर श्रद्धा ठेवणाऱ्यांपैकी आहे. परंतु ते कोणी कोणाला सांगावे, याचा विचार केल्यावाचून उच्चारले तर ते सत्यही क्रूर होते. शंकराचार्यांची काशीतील चांडाळाची आख्यायिका आठवावी. आचार्य त्याला वाटेतून दूर हो म्हणतात, आणि तो विचारतो की दूर कोणी व्हावे, अन्नमय देहाने की चैतन्याने? अद्वैताचा हा सर्वांत तेजस्वी प्रश्न आचार्यांच्या मुखातून आलेला नाही. ज्याला बाजूला सारले जात होते त्याच्या मुखातून तो आला आहे. आत्मा वर्णहीन आहे हे म्हणण्याचा पहिला अधिकार ज्याचा वर्णामुळे अवमान झाला त्याचा. इतरांनी आधी त्याच्या रूपाला, त्याच्या त्वचेला, त्याच्या केसांच्या कुरळेपणाला आदराने पाहण्यास शिकावे. ज्या मुलीला तपकिरी खडू नाकारला गेला तिच्यापुढे आत्म्याची चर्चा करणे म्हणजे तो खडू दुसऱ्यांदा काढून घेणे होय.

म्हणूनच प्रसाधनाच्या दुकानात आपल्या त्वचेशी जुळणारी छटा मिळणे ही गोष्ट मी क्षुल्लक मानीत नाही. तरीही व्यापार जो मान देतो त्याला मर्यादा आहेत, आणि त्यांतील एक मला विशेष चिंताजनक वाटते. 1993 साली ‘टाइम’ या साप्ताहिकाने आपल्या विशेषांकाच्या मुखपृष्ठावर अमेरिकेचा नवा चेहरा म्हणून एक सुंदर स्त्री छापली होती. ती जन्मलेलीच नव्हती; अनेक वंशांच्या मुखांचे ठराविक टक्के संगणकात एकत्र करून ती निर्माण केलेली होती. अर्धांश-अष्टमांशाचे जुने गणित तुच्छतेने केलेले होते, हे नवे गणित कौतुकाने केलेले होते. पण दोन्हींच्या मुळाशी ही एकच समजूत होती की मिश्र वंशाचा माणूस म्हणजे भागांची बेरीज. बसंत-बहार हा जोडराग ऐकताना बसंत कोठे संपला आणि बहार कोठे सुरू झाला हे जाणकार दाखवील. पण ऐकणाऱ्याच्या हृदयात एकच राग उभा असतो, दोन अर्धे राग नव्हेत. माणसाचे व्यक्तित्व तर त्याहून अखंड असते.

2000 सालच्या खानेसुमारीत अमेरिकन नागरिकाला प्रथमच एकाहून अधिक वंश नोंदविण्याची मुभा मिळाली, आणि 68 लाख माणसांनी, म्हणजे शेकडा 2.4 जणांनी, ती घेतली. 2020 साली ही संख्या 3 कोटी 38 लाखांवर, शेकडा 10.2 वर गेली; नोंदींची छाननी करण्याची पद्धती बदलल्याचा तीत मोठा वाटा आहे, तरी स्वतःविषयी स्वतः साक्ष देण्यास माणसे धजू लागली आहेत, हेही तीत निःसंशय आहे.

या अमेरिकेशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना. डॉ. आंबेडकरांनी 1916 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जो जातिविषयक प्रबंध वाचला, त्यात जातीचे मर्म जातीबाहेर लग्न न करण्यात आहे असे प्रतिपादिले, आणि वीस वर्षांनी लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या परंतु करू न दिलेल्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. असे विवाह आपल्याकडे होतात, त्यांना अपत्ये होतात, आणि मग जातीच्या दाखल्याच्या अर्जावरील रकाना त्या अपत्यांपुढे येतो. जानेवारी 2012 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका प्रकरणात असा निवाडा दिला की पित्याची जात अपत्याला लागते हे गृहीत धरता येईल, पण ते गृहीत अंतिम नव्हे: आपण मातेच्या समाजात वाढलो, त्या समाजाच्या वाट्याचे अवमान आणि वंचना आपण सोसल्या, आणि त्या समाजाने आपल्याला आपले मानले, हे पुराव्यानिशी दाखविण्यास अपत्य मोकळे आहे. रक्ताचे थेंब मोजणाऱ्या चौकशीपेक्षा ही चौकशी मला किती तरी अधिक मानवी वाटते, कारण ती अपत्याची साक्ष ऐकून घेते. परंतु न्यायालयाला विचारावे लागते ते सोसलेल्या गोष्टींविषयी, आणि राखीव जागांच्या कायद्याला त्यापलीकडे जाता येत नाही. ज्या मुलाला आईच्या घरी आणि बापाच्या घरीही मांडीवर घेतले गेले, ज्याने दोन्ही घरांचे सण पाहिले आणि दोन्ही घरांच्या आजींच्या तोंडून आपले नाव ऐकले, त्याने आपण कोणाचे म्हणून सांगावे, आणि ते ऐकून घेणारा धर्म आपल्यापाशी आज आहे काय?