शाईने भरलेला चौकोन

मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. घाट चढायचा किंवा उतरायचा तर फौजांना इथूनच जावं लागे, म्हणून या लहानशा गावाने दोन मोठ्या लढाया पाहिल्या. १४३७ साली बहमनी सरदाराने खानदेशच्या नसीरखानाला इथे हरवलं. १५९० साली अहमदनगरच्या गादीच्या भांडणात जमालखान इथे पडला. खुदावंतखानाने १५८२ साली बांधलेली मशीद तर प्रसिद्धच आहे.

हे सगळं गावातल्या एका निवृत्त गुरुजींना तोंडपाठ होतं. त्यांच्याकडे दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ होता, सातही खंड, आणि मोल्सवर्थही. दर रविवारी पुरवणी आली की ते ओट्यावर चटई टाकून शब्दकोडं सोडवायला बसत. रविवारचं कोडं सोपं नसे. साधा अर्थ विचारायचा नाही, शब्दाला बगल देऊन विचारायचं, ही त्या कोडेकाराची रीत. शिवाय उत्तरं अशी की आजच्या बोलण्यातून निम्मी नाहीशी झालेली. गुरुजी ते पेनाने सोडवत. पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला आपल्या उत्तराची खात्री नसते, असं ते म्हणत.

मराठी कोड्याची एक गोष्ट इथे सांगायला हवी. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं. त्या इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक सुटं अक्षर बसतं. आपल्याकडे चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर बसतं. त्यामुळे ‘ळी’ आणि ‘ळे’ यांत फरक फक्त खुणेचा असला, तरी कोड्यात ती दोन वेगळी अक्षरं होतात. एक चुकलं की त्याला छेदून जाणारा दुसरा शब्दही बिघडतो.

त्या रविवारी आडव्या शब्दांत एक सूचना होती : ‘एका कोळ्याचे घर, दुसऱ्याचे हत्यार (२)’. गुरुजी खूश झाले. एक कोळी भिंतीवरचा, दुसरा दर्यावरचा. त्यांनी लगेच लिहून टाकलं, ‘जाळी’.

त्याच ‘ळी’वर वरून येणारा एक उभा शब्द संपत होता. त्याची सूचना : ‘पूर्वी पाण्याचे, आता बातमीत रक्ताचे (३)’.

इथे गाडी अडली. तीन अक्षरं, शेवटी ‘ळी’. ‘होळी’ रक्ताची असते, पण ती दोनच अक्षरांची. ‘पन्हाळी’ मोजून बसत होती, पण पन्हाळीतून रक्त वाहिल्याची बातमी कुणी वाचली आहे? आणि सूचनेत तर स्वच्छ ‘पाण्याचे’, ‘रक्ताचे’ असं होतं. ‘ळी’ने संपणारा असा नपुंसकलिंगी शब्द आणायचा कुठून? गुरुजींनी कोशाचे दोन खंड उलथेपालथे केले. अखेर त्यांनी ठरवलं की छापताना चूक झाली आहे. कोडेकाराला पत्र लिहावं म्हणून त्यांनी कागदही काढला.

तेवढ्यात शेजारचे आबा नातीचा हात धरून आले. दर रविवारी सोयाबीन-कापसाचे भाव वाचून घ्यायला ते येत. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं.

‘‘काय अडलं, मास्तर?’’

गुरुजींनी काहीसं चिडूनच सूचना वाचून दाखवली. आबांनी क्षणभरही विचार केला नाही.

‘‘थारोयं.’’

‘‘असा शब्द नाही, आबा.’’

‘‘नाई कसा? मोट रिकामी व्हायची ना विहिरीच्या तोंडाशी, त्या दगडी जागेले थारोयं म्हनत. तिथून पानी पाटात जाये. म्या लहानपनी लय मोट हाकली.’’

आता सातवीतली नात बोलली. ‘‘गुरुजी, आबा शाळेला शाया म्हणतात अन् डोळ्याला डोया. म्हणजे ते थारोळे असंल.’’ आणि तिने बोटांवर मोजलं, ‘‘था, रो, ळे. तीन!’’

गुरुजींनी नोकरीभर मुलांच्या वह्यांतले ‘शाया’ आणि ‘डोया’ लाल शाईने दुरुस्त केले होते, पण आबांच्या तोंडचा ‘य’ ऐकताना त्यांच्या कानाला ती दुरुस्ती सुचली नव्हती. ‘रक्ताच्या थारोळ्यात’ हे शब्द तर ते पेपरात दर आठवड्याला वाचत. पाणीही आलं, रक्तही आलं. तरी त्यांनी मान हलवली.

‘‘अर्थ जुळतो. पण बसत नाही. शेवटी ‘ळी’ आहे.’’

‘‘ळी कोणी लिहिला?’’ मुलीने विचारलं.

‘‘मी.’’

‘‘मग तो बरोबरच आहे कशावरून?’’

प्रश्न साधा होता. मोठी माणसं तो एकमेकांना विचारत नाहीत, म्हणून मला ती मुलगी फार आवडते. न आलेल्या शब्दाचा चौकोन कोरा राहतो आणि बरोबर उत्तराची वाट पाहतो, त्याचा कुणाला त्रास होत नाही. खात्रीने भरलेला चुकीचा चौकोन मात्र दारात आलेल्या खऱ्या उत्तरालाही आत येऊ देत नाही. गुरुजींचं घोडं अज्ञानाने पेंड खात नव्हतं. आपण लिहिलं ते खरंच, या समजुतीने खात होतं. त्या समजुतीपायी त्यांनी व्याकरण, छापखाना, कोडेकार आणि समोरचा म्हातारा, सगळ्यांवर अविश्वास दाखवला होता. एका स्वतःच्या वेलांटीवर तेवढा नाही.

गुरुजींना महाभारताची कथा ठाऊक होती. अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, अशी अट व्यासांनी गणपतीला घातली आणि मधूनमधून कूट श्लोक पेरले; परंपरा त्यांची संख्या ८,८०० सांगते. प्रत्येक कुटापाशी साक्षात गणपतीची लेखणी थांबायची. ही गोष्ट त्यांनी वर्गात किती वेळा रंगवून सांगितली असेल! ती आठवताच ते गप्प झाले. मग त्यांनी आडवी सूचना पुन्हा वाचली, या वेळी सावकाश. कोळ्याचे घर. ‘जाळी’ चालेल, पण ‘जाळे’ जास्त नेमकं. ‘ळे’ लिहिलं की थारोळेही जागेवर बसत होतं.

‘‘मास्तर,’’ आबा म्हणाले, ‘‘मोट थारोयात वतल्याबिगर खाली जात नसे. भरली मोट परत विहिरीत सोडून काय फायदा?’’

गुरुजींनी ‘ळी’वर काट मारली आणि वर बारीक अक्षरात ‘ळे’ लिहिलं. शाईने लिहिलेलं असल्यामुळे चौकोन चांगलाच काळा झाला. तो तसाच पुढे करून त्यांनी मुलीला दाखवला. मग तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि आपण भरलेलं सगळं कोडं पहिल्या शब्दापासून पुन्हा तपासायला घेतलं. आणखी एक उत्तर चुकलेलं निघालं. तेही मुलीनेच दाखवलं.

भाव वाचून झाले तरी त्यांनी आबांना उठू दिलं नाही. मोटेच्या जाड दोराला काय म्हणत? नाडा. बारीक दोराला? सोंदूर. बैल ज्या उतारावरून जायचे ती जागा? धाव. आबा आठवून आठवून सांगत गेले, मुलगी ‘य’च्या जागी ‘ळ’ आहे का ते विचारत राहिली आणि गुरुजी प्रत्येक शब्द पेन्सिलीने टिपून कोशात शोधत राहिले. जे कोशात सापडले नाहीत ते त्यांनी खोडले नाहीत. शेवटच्या खंडाच्या मागच्या कोऱ्या पानावर ते उतरवून प्रत्येकापुढे गावाचं नाव लिहिलं, आणि पुढच्या रविवारी येताना मोट हाकणाऱ्या आपल्या जोडीदारालाही घेऊन या, असं आबांना सांगितलं.