शंखाचं टोक

देवपूजा आटोपली की अडणीवरचा शंख कोरडा पुसून ओंजळीत घ्या आणि जागच्या जागी बसून राहा. रिक्षांचे हॉर्न, स्टेशनवरची घोषणा चालू राहू दे. डोंबिवलीत शांततेची वाट पाहत बसू नये. कानाला लावलात तरी शंखात घुमतात ते हेच भोवतालचे आवाज.

आधी नुसतं वजन जाणवू द्या. एवढं जड घर एका समुद्री गोगलगायीनं बांधलं. मन्नारच्या आखातात, साधारण 10 ते 20 मीटर खोल वाळूत ती राहते, वाळूतले कृमी खाते. तुतुकुडीकडचे पाणबुडे बुड्या मारून तिला वर काढतात. तेव्हा शंख पांढरा नसतो, अंगावर तपकिरी साल असते. ती खरवडून, घासून मग तो देवघरात येतो. आतला जीव त्याआधीच गेलेला असतो. इथे थोडं थांबा. पूजेच्या वस्तूमागचं हे मरण आपण नजरेआड करू नये, असं मला फार वाटतं.

आता अंगठा टोकावर ठेवा. हे तिचं लहानपण. अंड्याच्या कोशातून पिल्लू बाहेर येतं तेच इवलासा शंख पाठीवर घेऊन, आणि लगेच वाळूवर सरपटू लागतं. पुढची सगळी वाढ तोंडाच्या कडेला. मऊ अंगातून पाझरलेला चुना तिथे थरावर थर बसत जातो. जुनं घर ती कधीच सोडत नाही, त्यालाच वाढवत नेते. अंगठा टोकापासून वळणावळणानं सावकाश खाली आणा. आत मधल्या खांबावर तीन-चार आडव्या वळ्या लागतील, त्याही चाचपा. मग कड येईल. तिथे तिचं वाढणं थांबलं.

पूजेच्या शंखाचं टोक शाबूत असतं, वाजवायच्या शंखाचं कापतात. डोंबिवलीत 1999 पासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते. तिथे कधी शंखनाद ऐकला असेल, तर तो आठवा. वाजवणाऱ्याच्या ओठांची थरथर त्या कापलेल्या जागेतून, तिच्या लहानपणातून आत शिरते. तिच्या सगळ्या वयातून वळत वळत मोठी होते, आणि जिथे ती वाढायची थांबली, तिथून रस्ताभर घुमते.

घरात वाजवायचाही शंख असेल तर तो शेजारी घ्या. दोन्हींच्या टोकांवरून बोट फिरवा. कापलेल्या शंखातलं तिचं किती वय गेलं, ते पूजेच्या शंखावर मोजून पाहा.