जुनी जीप आणि आपली नवी तहान



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक बाप आणि त्याची लेक माझ्याकडे आले ते भांडतच. नावे सांगत नाही. पण बापाची जीप तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे नाव झाकून फारसा उपयोग नाही. दोघांना विचारूनच लिहितो आहे.

जीप १९७१ सालची, पेट्रोलवर चालणारी. त्यांच्या वडिलांनी ती लिलावात घेतली होती. पुष्कळांनी अशा जीपचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले, ह्यांनी बसवले नाही. लिटरला सात किलोमीटर जाते, उतारावर कदाचित आठ. लेक मंचरला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "फादर, असल्या गाड्यांवर सरकारनं सरळ बंदी घालावी की नाही, तुम्हीच सांगा." बाप म्हणाला, "फादर, आधी एवढं सांगा, वडलांची आठवण जपणं पाप आहे का?"

दोघांना वाटत होते की भांडण एकाच प्रश्नावर चालले आहे. पण लेक कायद्याविषयी विचारत होती आणि बाप सद्सद्विवेकाविषयी. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस ह्यांचा एक विचार मला प्रथम फार विचित्र वाटला होता. ते म्हणतात की मनुष्याने केलेल्या कायद्याने प्रत्येक वाईट गोष्टीला बंदी करू नये. मुख्यतः ज्यांनी दुसऱ्याचे नुकसान होते आणि ज्या थांबवल्याशिवाय समाज टिकत नाही, त्यांनाच करावी. म्हणजे एखादी गोष्ट कायद्याने चालते म्हणून ती योग्य ठरत नाही, आणि ती अयोग्य वाटते म्हणून लगेच पोलीस बोलवायचा नसतो. ह्या जीपपुरता प्रश्न असा, की तिने दुसऱ्याचे नुकसान होते का, आणि किती?

आम्ही कागद घेऊन बसलो. जीप वर्षाला सुमारे चारशे किलोमीटर चालते: कधी शेतावर, कधी घोडेगावला, नाताळात गोठ्याचे सामान आणायला. म्हणजे साधारण ५७ लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाचा हिशेब १३० किलोच्या आसपास आला. लेकीने तो आकडा अधोरेखित केला आणि मग माझ्याकडे पाहून विचारले, "फादर, तुमच्या गाडीचं काय?"

माझी गाडी नवी आहे, लिटरला सतरा किलोमीटर देते, धूर दिसत नाही. गेल्या वर्षी ती सुमारे चौदा हजार किलोमीटर फिरली. म्हणजे आठशेहून अधिक लिटर, आणि जवळजवळ एकोणीसशे किलो कार्बन डायऑक्साइड. जीपच्या चौदापट. त्यातले काही किलोमीटर आजाऱ्यांच्या भेटीचे आणि दूरच्या वस्त्यांवरील मिस्सांचे होते, हे खरे. पण पुण्याच्या कित्येक फेऱ्या एसटीने होण्यासारख्या होत्या, हेही खरे. मी ते दोघांसमोर कबूल केले. बाप इतका खूश झाला की लेकीला ते मुळीच आवडले नाही.

जीप मोडीत काढून नवी गाडी घ्यावी, असे कोणी म्हणेल. पण नवी मोटार रस्त्यावर येण्याआधीच पोलाद, रबर, प्लॅस्टिक आणि कारखान्याची वीज ह्यांतून तिच्यापायी साधारणपणे पाच टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. एवढा जाळायला ह्या जीपला जवळजवळ चाळीस वर्षे लागतील. लिटरला किती किलोमीटर, हा आकडा आपण फार मोठा मानतो. वर्षाला किती लिटर, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

इथपर्यंत बापाची बाजू सरशीला होती. पण धूर राहिला होता, आणि धुराची गोष्ट वेगळी आहे. कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगात पसरतो. धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो. जुन्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. आपल्याकडे तो १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना प्रथम सक्तीचा झाला. पीयूसीच्या तपासणीतही अशा जुन्या मोटारीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत माफ आहे, बीएस-फोर मोटारीला ०.३ टक्के. म्हणजे जुन्या जीपवाल्याने खिशातून पीयूसीचा कागद काढून दाखवला, तरी तो कागद दहापट सवलतीचा आहे. आणि ही जीप रविवारी सकाळी आपल्या फाटकाजवळ पाच-पाच मिनिटे गरम होत उभी असते, नेमकी धर्मशिक्षणाची मुले बाहेर पडतात तेव्हा. तिथल्याच बाकावर आपल्या एक आजी बसतात, त्यांना दमा आहे. वर्षाला चारशेच किलोमीटर, हे उत्तर त्या आजींना देता येत नाही.

आठवणीचेही तसेच. आपल्या जुन्नर-आंबेगावला बंदी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदा मान्य केला. त्या वर्षांत घाटाघाटांतून एकच शब्द ऐकू येत होता, परंपरा. पण परंपरा म्हटल्याने बैलाचे दुखणे कमी होत नव्हते. त्यासाठी अटी मान्य कराव्या लागल्या. वडिलांची आठवण हीदेखील मोठी गोष्ट आहे, पण तिने धुराचा प्रश्न सुटत नाही.

मग कायदा काय करतो? २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते; रोजच्या कामाला किंवा धंद्याला नाही. मला हा नियम बऱ्याच अंशी शहाणपणाचा वाटतो. तो गाडीवर बंदी घालत नाही, तिच्या वापराला मर्यादा घालतो. मुंबई-पुण्याच्या रॅलीत लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी अमेरिकन मोटार दिसली म्हणून आपण संतापतो; पण ती वर्षातून दोन-चार वेळाच बाहेर पडत असेल, तर तिच्यामुळे कोणाचा श्वास कोंडत नाही. मिरवण्याचा मोह असेलच, त्याला पापनिवेदन आहे.

पण त्याच नियमाची दुसरी बाजू आपल्या गावातून दिसते. शोभेची गाडी असेल तर ती वारसा. त्याच वयाची जीप कांद्याच्या गोणी वाहत असेल, तर ती नुसती जुनी गाडी. तिच्या नोंदणीचे नूतनीकरण २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार झाले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. तिच्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. मुंबईकरांनी हळहळ व्यक्त केली, फोटो काढले. मला ती मर्यादा चुकीची वाटत नाही, कारण टॅक्सी दिवसभर गर्दीतच फिरते. पण हौसेने जुनी गाडी ठेवणारा आणि नवी परवडत नाही म्हणून जुनी चालवणारा, ह्या दोघांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. पहिल्याकडून अधिक घ्यावे, दुसऱ्याला बदलण्यासाठी मदत द्यावी.

आणखी एक गोष्ट मला सलते. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई झाली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. (२०२५ मध्ये ती काही प्रमाणात सैल झाली.) पण मनाई झालेली गाडी ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकता येत होती. शहराला नको असलेला धूर गावाला चालतो, असा त्याचा अर्थ झाला. १९२१ साली मुंबईत परळला विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा दीनबंधू अँड्र्यूज व्यथित झाले होते. त्यांचे पत्र गांधीजींनी 'यंग इंडिया'त छापले आणि त्याला उत्तर दिले. कापड जाळण्यापेक्षा गरिबांना का देऊ नये, ह्यावर गांधीजींचे म्हणणे साधारण असे होते की जे वापरणे आपण कमीपणाचे मानतो, ते गरिबाच्या अंगावर घालणे योग्य नाही. स्वाभिमान त्यालाही आहे. होळीच्या बाबतीत माझे मन आजही अँड्र्यूजसाहेबांकडे झुकते. पण टाकलेल्या वस्तूविषयी गांधीजींचे बोलणे मला खोडता आलेले नाही.

त्या होळीनंतर नऊ वर्षांनी, १२ डिसेंबर १९३० रोजी, आपल्याच महाळुंगे पडवळचा बावीस वर्षांचा गिरणी कामगार मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला. हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव इथल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. पण ते कशासमोर आडवे झाले, ह्याकडे मी लेकीचे लक्ष वेधले. बाजारात येणाऱ्या नव्या मालाच्या ट्रकसमोर; कोणाच्या आजीच्या पेटीतल्या जुन्या पातळासमोर नव्हे. आज आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक उंच, जड, एसयूव्ही पद्धतीच्या आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावर संध्याकाळी उभे राहून पाहा, कित्येकांत एकच माणूस असतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या पत्रात शहरातील मोटारींविषयी लिहिले, तेव्हा त्यांनीही हेच टिपले होते: गाड्या भरमसाट, आणि त्यांत एक किंवा दोन माणसे. गाडीचे वय त्यांनी काढले नाही. आपला देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, आणि ते पन्नास वर्षांच्या जीप पीत नाहीत. बंदीची भाषा करायचीच असेल, तर ती शोरूमच्या दारात करावी लागेल. तिथे आपल्यातलेही काही जण रांगेत आहेत.

लेक हुशार आहे. ती म्हणाली, "पण फादर, प्रत्येकानं 'माझे फक्त सत्तावन्न लिटर' म्हटलं तर?" हा प्रश्न कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने फार कठोरपणे विचारला होता, आणि तो टाळता येत नाही. मी म्हटले, प्रत्येकाने खरोखरच वर्षाला सत्तावन्न लिटरांवर भागवले, तर आजच्यापेक्षा खूपच कमी तेल जळेल. ती हसली, पण पटले असे म्हणाली नाही. तिचे मत अजून बंदीचेच आहे, आणि ती त्या जीपमध्ये बसत नाही.

बापाने व्हीए नंबरचा विचार सोडला. वीस हजार रुपये हे एक कारण, आणि मग गोणी कशातून आणायच्या हे दुसरे. कार्ब्युरेटर मात्र त्याने नारायणगावला नेऊन साफ करून घेतला. गेल्या तीन रविवारांपासून तो जीप फाटकापाशी न आणता खाली ओढ्याजवळ चिंचेखाली उभी करतो आणि तिथून चालत येतो. मी पुण्याच्या पुढच्या बैठकीला एसटीने जायचे ठरवले आहे. गाडी सकाळी सहाची आहे, तेव्हा त्या दिवशीची मिस्सा संध्याकाळी साडेसहाला होईल, ह्याची कृपया नोंद घ्यावी.