विटेमागील ऋण

विश्वामित्रांच्या दक्षिणेसाठी डोंबाघरी विकल्या गेलेल्या हरिश्चंद्राची कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात. परंतु स्वतःस विकून त्याचे ऋण तरी फिटले. ठाणे-रायगडकडील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यात पोटासाठी उचल घेतात, आणि हंगामभर वीटभट्टीवर राबूनही ती फिटत नाही. कारण हिशेबाची वही मालकाच्या हाती असते. बाकी निघाली की पुढला हंगामही बांधला जातो, मुलांची शाळा सुटते. दास्य म्हणतात ते याहून निराळे काय?

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांची अशी कर्जे रद्द केली व मुक्ततेचे दायित्व जिल्हाधिकाऱ्यांवर सोपविले. तथापि कायदा आपल्या पायांनी भट्टीपर्यंत जात नाही. त्यास कोणी तरी न्यावे लागते.

आपला विठुराया विटेवरच उभा आहे. म्हणून घरासाठी वा मंदिरासाठी वीट घेताना भावाबरोबर मजुरांचा हिशेबही विचारावा. बांधलेले कुटुंब आढळल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, आणि मुक्त झालेल्यास पुन्हा उचल घ्यावी लागू नये म्हणून पावसाळ्यात काम व धान्य द्यावे. बंध तोडणे हीही पूजाच होय.