हे पॅकेज नव्हे, तुझ्या लॅपटॉपची नक्कल

ऊठ. स्क्रीनकडे नको, माझ्याकडे बघ. ‘सर, पॅकेज झालं’ म्हणून सगळ्या वर्गाला सांगत सुटला होतास ना? डब्याला झाकण बसलं म्हणजे स्वयंपाक झाला, असं नसतं.

मी उघडून पाहिलं. सर्व्हिस फाइलमध्ये पाथ कुठला, तर तुझ्या होम फोल्डरचा! दुसऱ्याच्या सर्व्हरवर तुझं घर कुठून येणार? वेब सर्व्हरच्या वर्करांनी जी ओलांडली की तुझं टूल त्यांना मारतं, ती मेमरीची मर्यादा कोडमध्येच कोरलेली, ३०० एमबी. हा आकडा आणला कुठून? डेबियनमध्ये अशी सेटिंग ‘ईटीसी’त कॉन्फफाइल म्हणून ठेवतात. अ‍ॅडमिनने ती बदललेली असली, तर नव्या आवृत्तीतली फाइल घालण्याआधी डीपीकेजी त्याला विचारतं. तू विचारायची सोयच ठेवली नाहीस.

आणि मोजलंस कसं? प्रत्येक वर्करचा आरएसएस घेतलास आणि बेरीज मारलीस. अरे, फोर्क झालेले वर्कर मेमरीची कितीतरी पानं सामाईक वापरतात. आरएसएस तेच पान प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण लावतो. पीएसएस वाटणी करून लावतो. म्हणजे गळती नसलेल्या सर्व्हरवरही तुझं टूल वर्कर कापत सुटणार.

कापतोस तरी कशाने? सरळ सिगकिल! पकडता येत नाही, अडवता येत नाही. कुणाचं पेमेंट अर्ध्यावर असेल, ते तिथेच गेलं. विचारलं तर म्हणतोस, ‘मग सिगटर्म टाकतो.’ डोळे मिटून? गुनिकॉर्नचा वर्कर टर्म मिळाल्यावर हातातली विनंती पुरी करायला वेळ घेतो आणि क्विटवर तडक निघतो. युनिकॉर्नमध्ये नेमकं उलटं! गुनिकॉर्न युनिकॉर्नवरूनच घेतलेला, तरीही. तुझ्या वर्णनात मात्र लिहिलंय, ‘सर्व वेब सर्व्हरांसाठी’. दोन्हींची कागदपत्रं उघडली असतीस तर हे लिहायचं धाडस झालं नसतं. गुनिकॉर्नमध्ये मॅक्स रिक्वेस्ट्स आहे, शिवाय सगळे वर्कर एकदम उठू नयेत म्हणून जिटरही आहे, हेही तेव्हाच दिसलं असतं.

लॉगमध्ये काय, तर ‘रीस्टार्टेड’. कुठला वर्कर, किती मेमरी, कुठल्या विनंतीनंतर फुगला? गळती शोधणाऱ्याने काय तुझ्या तोंडाकडे बघायचं?

मान खाली घालून काही होत नाही. वर्णनातलं ‘सर्व’ आधी खोड, एकच सर्व्हर निवड आणि कोऱ्या मशीनवर चढवून दाखव. पर्ज करूनही दाखव. पोस्टआरएम रिकामी आहे, तुझे लॉग तिथेच पडून राहतात.