अतिभार

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत तोंडपाठ केलेले असतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. चौथ्याला उदाहरण ठरलेलं, बैलाचं. त्याच्या ताकदीबाहेर गाडी भरली की चाबूक न उगारताही हिंसा झाली. आता ओझी ट्रॅक्टर ओढतो, म्हणून हा अतिचार संपला का? मला वाटतं, तो कागदावर येऊन बसलाय.

आपल्या सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना. समजा, एक बहीण सदलग्यात दिली, दुसरी शिरोळला. दोघींच्या गोठ्यात दोन-दोन गाई, पहाटेची धार तीच, सरकी पेंडीचा भाव तोच. पण दुधावरची सरकारी मदत दोघींकडे वेगवेगळ्या वाटेनं येते.

कर्नाटकात २००८ पासून सहकारी दूध संघाला दूध घालणाऱ्यांना सरकार लिटरमागं जादा पैसे देतं. सुरुवातीला २ रुपये होते, ते वाढत ५ झाले. गावच्या संस्थेत रोज माप लिहिलं जातं, तोच पुरावा. महाराष्ट्रात दर पडले तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान आलं. त्याला अटी होत्या. गाईच्या कानात बिल्ला हवा, त्याची ऑनलाइन नोंद हवी, बँकेचं खातं आधारला जोडलेलं हवं. शिवाय ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला ठरलेला किमान दर डेअरीनं बँकेतूनच दिलेला हवा.

यावरून आपली बाजू बरी, असं पटकन म्हणू नये. कर्नाटकची वाट सोपी आहे, कारण ती अरुंद आहे. खाजगी डेअरीला दूध घालणारी तिथं बाहेरच राहते. महाराष्ट्रानं खाजगीवाल्यांनाही आत घेतलं. दार रुंद केलं, म्हणून कड्या जास्त लावल्या.

कड्या नकोतच, असंही मी म्हणणार नाही. गोठ्यात गाय नसताना कागदावर लिटर वाढवणं ही सरळ चोरी, आणि अचौर्यही आपलंच व्रत आहे. दान देताना पात्र बघावं असं आपण शिकलो, आणि करुणादानात मात्र विचारपूस करू नये, हेही शिकलो. अनुदान या दोन्हींत बसत नाही. ते दान नव्हेच. पडलेल्या भावाची भर आहे ती, लोकांच्याच पैशातून घातलेली. तेव्हा विचारावं लागणार. पण किती वेळा विचारायचं, आणि कुणाला?

माझा प्रश्न इथंच आहे. अट असू दे, पण तिचं ओझं कुणाच्या खांद्यावर? बाजारातून गाय आणली, बिल्ल्याची नोंद जुन्या मालकाच्याच नावावर राहिली. धार काढते ती, खातं मालकांच्या नावावर. डेअरीकडून माहिती भरताना एक आकडा चुकला, की पैसे अडतात हिचे. संगणक डेअरीकडे, दप्तर सरकारकडे, आणि हेलपाटे मात्र पाचला उठणाऱ्या बाईला. ज्याच्यात ताकद त्यानं ओझं उचलावं, हा साधा न्याय. डेअरी चुकली तर दंड डेअरीला व्हावा. एकदा दिलेला कागद दुसऱ्या ऑफिसनं पहिल्याकडून मागून घ्यावा, तिच्याकडून नव्हे.

नियम सोपे करणं ही सरकारची मेहेरबानी नाही. सोपे करणं म्हणजे सैल सोडणंही नाही. चोर सापडेल एवढी अट ठेवावी, आणि साधी बाई थकून घरी बसेल एवढी नको. कारण अनुदान मिळायला कागदच फार लागले, तर ते सोडून देणारी पहिली असते दोन गाईंची मालकीण. मोठ्या गोठ्यावाल्याकडे कागद करायला माणूस असतो.

आणि पैसे अडकले की घरात पहिली काटकसर कशात होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पोरांच्या ताटात नाही, गोठ्यात. पेंड अर्धी होते, वैरण कमी पडते. माणसावर लादलेला चौथा अतिचार मुक्या जनावराच्या वाट्याला पाचवा होऊन येतो.

आपल्या समाजातली माणसं दूध संस्थांवर संचालक आहेत, कचेऱ्यांत साहेब आहेत. फॉर्ममध्ये नवा रकाना वाढवण्याआधी त्यांनी एवढंच बघावं, की ही माहिती आपल्याच कपाटात आधीपासून पडलेली तर नाही ना.